फायटर भारी की विझार्ड? ५० वर्षं झाली तरी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'मधलं हे भांडण का मिटत नाहीये?

'स्ट्रेंजर थिंग्ज'चा पहिला एपिसोड आठवतोय? तळघरात टेबलाभोवती चार पोरं बसलीयेत, समोर डेमोगॉर्गन येऊन ठाकलाय आणि पुढची चाल विल बायर्सची आहे. एक मित्र ओरडतोय, फायरबॉल टाक. दुसरा म्हणतोय, नको, बचावाचा स्पेल टाक. कारण फायरबॉल लागायचा तर फाशावर १३ किंवा त्याहून जास्त पडायला हवेत. विल फायरबॉल टाकतो. फासा घरंगळत खाली जातो आणि नंतर कळतं, सात पडले होते.

ती पोरं खेळत होती तो खेळ म्हणजे 'डंजन्स अँड ड्रॅगन्स', थोडक्यात डी अँड डी. २०१६ मध्ये ही सीरिज आली. २०२३ मध्ये याच खेळाच्या नियमांवर बेतलेला 'बाल्डर्स गेट ३' हा व्हिडिओ गेम आला आणि 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये गेम ऑफ द इयर ठरला. आयुष्यात कधी वीस बाजूंचा फासा हातात धरला नव्हता, त्यांच्याही फीडमध्ये विझार्ड, ड्रुइड, पॅलाडिन असे शब्द दिसायला लागले.

पण त्या सीनमधली एक गोष्ट सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. टेबलावर चार जण आहेत, पण सगळ्यांचं नशीब लटकलंय ते एकाच्या स्पेलवर. बाकीचे काय करतायत? ओरडतायत.

हा खेळ निघाल्यापासून खेळाडू यावरच भांडत आलेत. हातात तलवार असलेलं पात्र आणि हातात जादू असलेलं पात्र एकाच टेबलावर बसलं, तर दोघांना सारखंच महत्त्व कसं मिळणार? याला म्हणतात 'क्लास बॅलन्स'. १९७४ पासून हा खेळ बनवणारी माणसं या प्रश्नाच्या मागे लागली आहेत. दर काही वर्षांनी उत्तर सापडतं आणि त्या उत्तरातूनच नवीन भांडण सुरू होतं.

आधी खेळ काय आहे ते बघा

डी अँड डीमध्ये बोर्ड असलाच पाहिजे असं नाही. एक जण गोष्ट सांगतो, त्याला म्हणतात 'डंजन मास्टर'. बाकीचे प्रत्येकी एक पात्र घेतात. "समोर दरी आहे, पूल तुटलाय, काय करणार?" असं डंजन मास्टर विचारतो आणि खेळाडू उत्तर देतात. जमलं की फसलं, ते फासा ठरवतो.

प्रत्येक पात्राचा एक क्लास असतो. क्लास म्हणजे त्या पात्राचा पेशा. फायटर लढतो, विझार्ड जादू करतो, क्लेरिक देवाच्या नावाने जखमा बऱ्या करतो, रोग कुलपं उघडतो आणि सापळे शोधतो. खेळत गेलं की अनुभवाचे पॉइंट मिळतात, पॉइंट साठले की लेव्हल वाढते आणि लेव्हल वाढली की पात्र अजून ताकदवान होतं.

एक डाव म्हणजे साधारण तीन-चार तासांचं काम. असे डाव दर रविवारी, महिनोन्महिने, कधीकधी वर्षानुवर्षं चालतात. म्हणजे चुकीचा क्लास निवडला तर शिक्षा एका संध्याकाळपुरती नसते.

लहानपणी लपाछपी किंवा डब्बा ऐसपैस खेळताना कोणाचा तरी छोटा भाऊ यायचा आणि त्याला 'कच्चा लिंबू' करायचे, ते आठवा. तो पळायचा, लपायचा, ओरडायचा. पण तो आउट झाला काय आणि न झाला काय, खेळाला फरक पडायचा नाही. आता विचार करा, तुम्ही पंचवीस वर्षांचे आहात, आठवडाभराचं काम आवरून मित्रांसोबत खेळायला बसलाय आणि तिसऱ्या महिन्यात तुमच्या लक्षात येतं की या टेबलावरचा कच्चा लिंबू आपणच आहोत.

क्लास बॅलन्सचा प्रश्न आहे तो इतकाच.

१९७४ : विझार्ड आधी जगला तर पाहिजे

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात लेक जिनिव्हा नावाचं गाव आहे. तिथल्या गॅरी गायगॅक्स यांनी डेव्ह आर्नेसन यांच्यासोबत १९७४ मध्ये डी अँड डी बाजारात आणला. कंपनीचं नाव टीएसआर. एका बॉक्समध्ये तीन छोट्या पुस्तिका आणि क्लास फक्त तीन : फायटिंग मॅन, मॅजिक युजर आणि क्लेरिक. चोराचा क्लास पुढच्या वर्षी, १९७५ च्या 'ग्रेहॉक' या पुरवणीत आला.

ही माणसं आली होती युद्धाच्या खेळातून, म्हणजे टेबलावर सैनिकांच्या छोट्या मूर्ती मांडून लढाया खेळायच्या त्या दुनियेतून. तिथे सगळी प्यादी सारखी नसतात. तोफ लांबवर मारा करते, पण तिच्या जवळ शत्रू पोहोचला की तोफ संपली. विझार्डला त्यांनी साधारण याच तोफेसारखं वागवलं.

जादूची पद्धत उचलली जॅक व्हान्स या लेखकाच्या 'द डायिंग अर्थ' या १९५० सालच्या पुस्तकावरून. त्यात जादूगार मंत्र पाठ करतो आणि एकदा वापरला की तो डोक्यातून पुसला जातो. डी अँड डीमध्ये पहिल्या लेव्हलच्या विझार्डकडे असा दिवसाला एकच स्पेल असायचा. तो टाकला की बाकी दिवसभर हातात खंजीर घेऊन मित्रांच्या मागे लपायचं.

त्यात जीवही इवलासा. पुढे ठरलेल्या नियमांनुसार फायटरचे हिट पॉइंट दहा बाजूंच्या फाशावर ठरायचे आणि विझार्डचे चार बाजूंच्या. चिलखत घालायला बंदी. स्पेल टाकत असताना कोणी घाव घातला तर स्पेल वाया. काही स्पेल तर वापरणाऱ्यांवरच उलटायचे. 'हेस्ट' नावाच्या स्पेलने पात्राचा वेग वाढायचा, पण त्याचं वय एका वर्षाने पुढे सरकायचं.

वर लेव्हल चढायलाही विझार्डला जास्त पॉइंट लागायचे. १९८९ च्या दुसऱ्या एडिशनमध्ये दुसऱ्या लेव्हलला पोहोचायचं तर चोराला १२५० पॉइंट पुरायचे, क्लेरिकला १५००, फायटरला २००० आणि विझार्डला थेट २५००.

यामागचा हिशोब सरळ होता. विझार्ड सुरुवातीला भोगतो, नंतर कमावतो. फायटरचं उलटं. जो खेळाडू इतक्या अडचणींतून विझार्डला जिवंत ठेवून दहाव्या लेव्हलला नेईल, त्याने पुढे राज्य केलं तर बिघडलं कुठे? आणि फायटरलाही नवव्या लेव्हलला काही कमी मिळायचं नाही. त्याच्या नावावर गढी उभी राहायची, पदरी सैनिक यायचे, तो सरदार व्हायचा.

कागदावर हे छान दिसतं, पण यात दोन गोची होत्या.

पहिली म्हणजे आकड्यांचीच. त्याच दुसऱ्या एडिशनच्या तक्त्यात दहाव्या लेव्हलला पोहोचायला विझार्डला अडीच लाख पॉइंट लागतात आणि फायटरला पाच लाख! म्हणजे विझार्ड खरा ताकदवान व्हायला लागतो, तेव्हाच त्याची चढण सोपी होते.

दुसरी गोची माणसांची. हा समतोल आहे तो दोन-तीन वर्षांच्या सरासरीचा. पण खेळाडू सरासरी जगत नाही, तो आजची संध्याकाळ जगतो. पहिलं वर्ष एकाने कंटाळायचं आणि तिसरं वर्ष दुसऱ्याने, याला समतोल म्हणायचं का? शिवाय मध्येच कोणाची बदली झाली, कोणाचं लग्न झालं आणि टेबल मोडलं, तर ज्याची पाळी यायची राहिली तो कायमचाच राहिला.

एकाची वाढ सरळ, दुसऱ्याची गुणाकाराने

विझार्ड इतका पुढे कसा निघून जातो? डी अँड डीच्या खेळाडूंमध्ये यावर एक जुनी म्हण आहे. फायटर सरळ रेषेत वाढतो आणि विझार्ड वर्गाच्या पटीत, म्हणजे एकाचं १, २, ३, ४ आणि दुसऱ्याचं १, ४, ९, १६.

कारण लेव्हल वाढली की फायटरच्या बाबतीत साधारण एकच गोष्ट होते. तो आधी जे करायचा तेच थोडं जास्त चांगलं करतो. घाव जास्त वेळा लागतो, थोडा जोरात लागतो.

विझार्डच्या बाबतीत एका वेळी तीन गोष्टी होतात. एक, दिवसाला टाकता येणारे स्पेल वाढतात. दोन, अधिक वरच्या दर्जाचे नवीन स्पेल मिळतात. तीन, जुन्या एडिशन्समध्ये आधीचे स्पेलही आपोआप जोरदार होत जायचे. फायरबॉलचंच बघा. विझार्डची लेव्हल जितकी, तितके सहा बाजूंचे फासे टाकायचे. पाचव्या लेव्हलला पाच फासे, नवव्याला नऊ. आणि हा मार एकट्याला बसत नाही, त्या गोळ्याच्या टप्प्यात जितके उभे आहेत त्या सगळ्यांना बसतो.

या तिन्हींचा गुणाकार होत जातो. आणि हे फक्त मारामारीपुरतं झालं.

२००० : बेड्या काढल्या आणि विझार्ड मोकाट सुटला

१९९७ मध्ये 'विझार्ड्स ऑफ द कोस्ट' या कंपनीने टीएसआर विकत घेतली आणि २००० साली तिसरी एडिशन आणली. जोनाथन ट्वीट, माँटी कुक आणि स्किप विल्यम्स हे तिचे मुख्य डिझायनर. जुन्या नियमांमधली किचकट जाळी साफ करायची, सगळं एका सूत्रात आणायचं, हा त्यांचा हेतू होता आणि खेळ खरंच सुटसुटीत झाला.

पण साफसफाई करताना विझार्डच्या पायातल्या बेड्याही निघाल्या. सगळ्या क्लासना लेव्हल चढायला सारखेच पॉइंट लागायला लागले. घाव बसला तरी फासा टाकून स्पेल वाचवायची सोय झाली. 'हेस्ट'मुळे वय वाढणं बंद झालं. स्पेल साठवून ठेवणाऱ्या कांड्या आणि गुंडाळ्या विझार्डला स्वतःच बनवता यायला लागल्या, त्यामुळे आज स्पेल संपले, ही अडचणही उरली नाही.

दुसरीकडे फायटरचं गेलं काय? गढी गेली, सैनिक गेले. जुन्या नियमांत मुरलेला फायटर जादूला सहजासहजी बधायचा नाही. नव्या नियमांत मनावर ताबा मिळवणाऱ्या जादूसमोर फायटरचा बचाव सगळ्यात कच्चा ठरला. एक स्पेल पडला की टेबलावरचा सगळ्यात दणकट गडी शत्रूच्या बाजूने लढायला लागायचा.

सगळ्यात जास्त चेष्टा झाली ती ड्रुइडवरून. ड्रुइड म्हणजे निसर्गाची जादू करणारा. तिसऱ्या एडिशनमध्ये त्याला प्राण्याचं रूप घेता यायचं, त्या रूपात स्पेल टाकायची सोय होती आणि वर एक लढणारं जनावरही सोबत मिळायचं. टेबलावरच्या फायटरला प्रश्न पडायचा की माझी तुलना ड्रुइडशी आहे की त्याच्या जनावराशी? क्लेरिक आणि ड्रुइड या दोघांच्या दादागिरीला खेळाडूंनी 'कोडझिला' असं नाव ठेवलं, गॉडझिलावरून.

लक्षात घ्या, यात कोणी मुद्दाम फायटरचं वाईट केलं नव्हतं. एकेक बंधन वेगवेगळं बघितलं तर ते त्रासदायकच वाटायचं आणि ते काढणं बरोबरच वाटायचं. पण ती सगळी बंधनं मिळून एक वजन तोलून धरत होती, हे ती काढल्यावर कळलं.

२००८ : सगळ्यांना सारखं वाटून दिलं, तर लोक चिडले

२००८ मध्ये चौथी एडिशन आली, मुख्य डिझायनर रॉब हाइनसू. यावेळी ठरवून मुळावरच घाव घातला.

फायटर असो की विझार्ड, सगळ्यांच्या ताकदी एकाच साच्यात बसवल्या. काही हव्या तितक्या वेळा वापरायच्या, काही एका लढाईत एकदा, काही दिवसातून एकदा. म्हणजे आता फायटरकडेही दिवसातून एकदाच वापरायचा जबरदस्त घाव होता आणि विझार्डकडेही कधीच न संपणारी छोटी जादू होती.

त्यासोबत प्रत्येक क्लासला संघातली जागा ठरवून दिली. डिफेंडरने शत्रूला अडवायचं, स्ट्रायकरने मारायचं, लीडरने सोबत्यांना सावरायचं, कंट्रोलरने मैदान ताब्यात ठेवायचं. फायटर डिफेंडर झाला. त्याने एखाद्या शत्रूवर खूण केली की त्या शत्रूला दुसऱ्या कोणावर वार करणं महागात पडायचं. पहिल्यांदाच फायटरकडे "मी इथे आहे तोवर तू माझ्या मित्राला हात लावू शकत नाहीस" असं नियमाने म्हणायची सोय आली.

आकड्यांच्या बाबतीत हा समतोल आधीच्या एडिशनपेक्षा कितीतरी चांगला होता. पण बऱ्याच जुन्या खेळाडूंना तो रुचला नाही. तक्रार अशी होती की सगळे क्लास एकसारखेच वाटतात. फायटर निवडला काय, विझार्ड निवडला काय, हातात तशीच यादी आणि तसेच खाडाखोड करायचे चौकोन. हा तर ऑनलाइन व्हिडिओ गेम झाला, असंही बोललं गेलं. ज्यांना जुनीच पद्धत हवी होती त्यांच्यातले बरेच जण 'पाथफाइंडर'कडे गेले. पायझो कंपनीने २००९ मध्ये आणलेला हा खेळ तिसऱ्या एडिशनच्याच नियमांवर उभा होता, म्हणजे ज्या नियमांत विझार्ड मोकाट होता, त्याच नियमांवर.

इथे एक गोष्ट स्पष्ट झाली. लोकांना समतोल हवा होता, पण फायटर आणि विझार्ड खेळताना वेगळं वाटलं पाहिजे, हे त्यांना त्याहून जास्त हवं होतं. दोन गोष्टी जितक्या वेगळ्या, तितकं त्यांना एका तराजूत तोलणं अवघड. सगळं भांडण या एका कोपऱ्यात अडकलेलं आहे.

२०१४ : दिवसाचा हिशोब

२०१४ च्या पाचव्या एडिशनने मधला रस्ता काढला. क्लास पुन्हा वेगवेगळे झाले, पण विझार्डला नवीन लगाम घातले.

सगळ्यात महत्त्वाचा लगाम म्हणजे 'कॉन्सन्ट्रेशन'. आधी विझार्ड एकाच वेळी उडायचा, अदृश्य व्हायचा आणि वरून स्वतःचा वेगही वाढवायचा. आता अशा टिकून राहणाऱ्या स्पेलपैकी एका वेळी एकच. त्यात घाव बसला तर फासा टाकायचा, फसलात तर तोही स्पेल गेला. शिवाय जुने स्पेल लेव्हलसोबत आपोआप वाढणं बंद झालं. फायरबॉलला आता ठरलेले आठ फासे. जास्त हवे असतील तर वरच्या दर्जाचा स्पेल खर्च करा.

आणि एक मोठा हिशोब मांडला तो दिवसाचा. विझार्डचे मोठे स्पेल रात्रभर झोपल्यावरच परत मिळतात, फायटरची तलवार मात्र कधी संपत नाही. त्यामुळे दोन झोपांच्या मध्ये जितक्या जास्त लढाया, तितका फायटर वर येतो. डंजन मास्टरसाठीच्या २०१४ च्या पुस्तकात दिवसाला मध्यम ते कठीण अशा सहा ते आठ चकमकींचा अंदाज दिला होता.

हे आकड्यांत करून बघा. पाचव्या लेव्हलचा फायटर घ्या, हातात दोन्ही हातांनी धरायची मोठी तलवार. एका घावाला सरासरी ११, एका पाळीत दोन घाव, म्हणजे २२. पाचव्या लेव्हलच्या विझार्डकडे दिवसाला दोन फायरबॉल. एकाचा मार सरासरी २८ आणि समजा टप्प्यात चार शत्रू सापडले, तर ११२. फायरबॉल संपले की तो कधीच न संपणारी आगीची छोटी ठिणगी टाकतो, तिचा मार सरासरी ११. हिशोब सोपा राहावा म्हणून प्रत्येक घाव लागतोच असं धरा आणि दोघांच्या बाकीच्या करामती बाजूला ठेवा.

दिवसात एकच लढाई झाली आणि ती तीन पाळ्या चालली, तर फायटरचे होतात ६६. विझार्डचे दोन फायरबॉल मिळून २२४, अधिक एक ठिणगी, एकूण २३५. म्हणजे साडेतीनपट.

आता तशाच सहा लढाया धरा, म्हणजे १८ पाळ्या. फायटरचे ३९६. विझार्डचे फायरबॉलचे २२४ आणि १६ ठिणग्यांचे १७६, एकूण ४००.

३९६ आणि ४००. नियम तेच, क्लास तेच, लेव्हल तीच. बदलली ती फक्त दोन झोपांमधल्या लढायांची संख्या.

अडचण एवढीच की अशा सहा लढाया बहुतेक टेबलांवर होत नाहीत. एका लढाईत तास सहज जातो. लोकांना गोष्ट पुढे न्यायची असते, गप्पा मारायच्या असतात, रात्री अकराला शेवटची गाडी पकडायची असते. मग एका डावात एक-दोन लढाया होतात, त्यानंतर पात्रं झोपतात आणि विझार्ड सकाळी भरलेल्या खिशाने उठतो. म्हणजे पुस्तकात समतोल आहे, टेबलावर नाही.

कुलूप, दरी आणि दरबार

आतापर्यंतचा हिशोब मारामारीचा होता. पण जाणते खेळाडू सांगतात की खरी दरी मारामारीबाहेर आहे.

कुलूपबंद दार आलं. रोगने आयुष्यभर कुलपं उघडण्याचा सराव केलाय. विझार्ड 'नॉक' स्पेल टाकतो, दार उघडतं. दरी आली, फायटर दोर बांधायला घेतो, विझार्ड उडून पलीकडे जातो. दूरच्या राज्यात जायचंय, बाकीचे घोडे शोधतायत, मोठ्या लेव्हलचा विझार्ड सगळ्यांना डोळ्याचं पातं लवायच्या आत तिथे नेतो. सतराव्या लेव्हलला त्याला 'विश' मिळतो, म्हणजे इच्छा बोलायची आणि जगाने ती मानायची. त्या लेव्हलचा फायटर काय करतो? अजून जोरात मारतो.

म्हणूनच कोण किती मारतो याच्या तक्त्यांनी हा वाद मिटत नाही. फायटरचा मार दुप्पट केला तरी दारासमोर तो नुसता उभाच असणार.

डिझायनर हे ओळखून आहेत. पाचव्या एडिशनमध्ये 'नॉक' टाकला की मोठ्ठा आवाज होतो, तो ३०० फुटांवर ऐकू जातो. म्हणजे दार उघडायचं असेल तर विझार्ड आहे, पण चोरून उघडायचं असेल तर रोगच लागतो. एका ओळीच्या नियमाने रोगची नोकरी वाचली. २०२४ च्या नव्या 'प्लेअर्स हँडबुक'मध्ये फायटरलाही असं काहीतरी मिळालं. लढाईत दम परत मिळवायची त्याची जी ताकद होती, ती आता तो लढाईबाहेर फसलेलं काम सावरायलाही वापरू शकतो. शिवाय तलवार, भाला, हातोडा अशा प्रत्येक हत्याराला वेगळी करामत मिळाली. कोणी शत्रूला पाडतं, कोणी ढकलतं, कोणी एका घावात दुसऱ्यालाही लागतं.

'बाल्डर्स गेट ३' बनवणाऱ्या लॅरियन स्टुडिओजने तर प्रश्नच टाळला. मूळ खेळ वीस लेव्हलपर्यंत जातो, त्यांनी बाराव्या लेव्हलला कुंपण घातलं. त्यापुढचे स्पेल व्हिडिओ गेममध्ये बसवणं फार अवघड आहे, हे कारण त्यांनी दिलं होतं. विझार्ड जिथे जग वाकवायला लागतो, त्याच्या अलीकडेच गोष्ट संपवली.

बाकीच्या खेळांनी काय केलं?

काही खेळांनी वेगळीच वाट धरली. १९८७ च्या 'आर्स मॅजिका'मध्ये विझार्ड सगळ्यांपेक्षा ताकदवान आहे, हे उघडपणे मान्यच केलंय. उपाय असा की प्रत्येक खेळाडूकडे एक विझार्ड आणि एक साधं पात्र असतं आणि विझार्ड व्हायची पाळी आलटून पालटून येते. पात्रांमध्ये समानता नाही, खेळाडूंमध्ये आहे.

२००२ च्या 'बफी द व्हँपायर स्लेयर'च्या खेळात एक जण अलौकिक ताकदीची नायिका आणि बाकीचे तिचे साधे मित्र. तिथे साध्या पात्रांना 'ड्रामा पॉइंट' जास्त मिळतात. ऐन वेळी नशीब फिरवायची संधी त्यांच्याकडे जास्त. ताकद एकाकडे, गोष्ट दुसऱ्याकडे.

'पाथफाइंडर'च्या २०१९ च्या दुसऱ्या एडिशनने आकड्यांनीच न्याय केला. फायटरचा घाव लागण्याचं कौशल्य बहुतेक क्लासपेक्षा दोनने जास्त ठेवलं. दोन हा आकडा किरकोळ वाटतो. पण या खेळात हव्या असलेल्या आकड्यापेक्षा दहा जास्त आले तर घाव दुप्पट लागतो. त्यामुळे ते दोन घाव लागायलाही उपयोगी पडतात आणि दुप्पट व्हायलाही.

आणि एक गंमत. 'आर्स मॅजिका'च्या दोन निर्मात्यांपैकी एक होते जोनाथन ट्वीट, म्हणजे तिसऱ्या एडिशनचे मुख्य डिझायनर. पुढे त्यांनी चौथ्या एडिशनच्या रॉब हाइनसूंसोबत मिळून २०१३ मध्ये 'थर्टीन्थ एज' हा खेळ बनवला. ज्या दोन एडिशन्सचे चाहते एकमेकांशी भांडत होते, त्यांचे कर्ते एका टेबलावर बसून पुढचं उत्तर शोधत होते.

मग आजच्या टेबलावर काय करायचं?

नवीन नियमांची वाट बघत बसायची गरज नाही. बरंचसं काम डंजन मास्टर आजच करू शकतो.

पहिलं, झोप महाग करा. दिवसभरात एकच लढाई असेल तर विझार्डला सगळं उधळायला मोकळीक मिळते. गावावर संध्याकाळी हल्ला होणार आहे, ओलिसाला उद्या फाशी आहे, असं घड्याळ लावलं की तो प्रत्येक स्पेल मोजून टाकतो. एका डावात तीन लढाया होत नसतील तर एकच 'दिवस' दोन-तीन रविवार चालवा. पात्रं झोपलीच पाहिजेत असा नियम नाही.

दुसरं, जादूच्या वस्तू डोळे झाकून वाटू नका. उडणारे बूट फायटरला द्या. विझार्डला त्यांची गरज नाही.

तिसरं, लढाईबाहेर फायटरला जागा द्या. जुन्या एडिशनने गढी आणि सैनिक दिले होते ते उगाच नाही. गावातले शिपाई त्याला ओळखतात, सेनापती त्याच्याशीच बोलतो, असं काहीही चालेल. यासाठी एकही नियम बदलावा लागत नाही.

चौथं, पहिल्या डावाआधी अर्धा तास बसून बोला. कोणाला काय करायला आवडतं, कोणाचं काम दुसऱ्याच्या स्पेलने खाल्लं जाणार आहे, हे तेव्हाच कळतं. विझार्डवाल्या खेळाडूनेही 'नॉक' घ्यायच्या आधी एकदा रोगवाल्या मित्राकडे बघावं. तो स्पेल घेऊ नये असं कुठेच लिहिलेलं नाही, पण त्या मित्राने तो क्लास दारं उघडायलाच घेतलेला असतो.

आणि सगळ्यात सोपी चाचणी. डाव संपल्यावर प्रत्येकाला विचारा की आज तुझ्या पात्राने असं काय केलं, जे दुसऱ्या कोणाला जमलं नसतं? सगळ्यांकडे उत्तर असेल तर तुमच्या टेबलावर समतोल आहे, मग आकडे काहीही म्हणोत. सलग तीन रविवार एकच जण गप्प बसला, तर पुस्तक कितीही नवीन असू द्या, त्याच्या हातात काहीतरी द्यायची वेळ आलीये. कारण कच्चा लिंबू झालेला माणूस सहसा भांडत नाही. तो चौथ्या रविवारी "जरा काम आहे" असा मेसेज टाकतो आणि परत येत नाही.